घर घेताना वकील कसा निवडायचा? (पुणे, जुना फ्लॅट)

मधुमालती
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आनंदनगरच्या जवळ एक टू बीएचके पसंत पडलाय. १९९४ ची बिल्डिंग, सोसायटी नोंदणीकृत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. किंमत ७२ लाखांवर आली आहे. माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या पगारावर कर्ज काढणार. आमच्या दोन्हीकडच्या घरांत आजवर कुणी पुण्यात स्वतःचं घर घेतलेलं नाही, त्यामुळे विचारायला मोठं कुणी नाही.

एजंट म्हणतो, "ताई, आमचे वकील आहेत ना. दोन्ही पार्ट्यांचं तेच बघतात. सर्च, ड्राफ्ट, रजिस्ट्रेशन, सगळं पंधरा हजारात." रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, असंही तो म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, चुलत दीर वकील आहेत, घरचा माणूस असताना बाहेर का जायचं? दीर शिवाजीनगर कोर्टात फौजदारी खटले चालवतात.

मला कळत नाहीये की चांगला वकील ओळखायचा कसा. काय विचारायचं त्याला? आणि फ्लॅट विकणाऱ्यांच्या नावावर शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मग वकिलाला शोधायला उरतं काय?

कोकणकडा
रविवारी टोकन देऊ नका. बाकीची चर्चा नंतर.

शनिवारपेठी
कोकणकडा यांना +१, आणि का ते सांगतो.

२०११ साली धायरीत फ्लॅट घेतला. धायरी तेव्हा ग्रामपंचायतीत होती, महापालिकेत आली २०१७ ला. एजंटच्या वकिलाने दीड पानाचा सर्च रिपोर्ट दिला, म्हणजे जुने दस्त शोधून टायटलबद्दल, मालकी हक्काबद्दल, दिलेला अहवाल. खाली गोल शिक्का, वर ठळक अक्षरांत 'टायटल निर्वेध व विक्रीयोग्य'. मी तो लॅमिनेट करून ठेवला होता.

२०१९ ला विकायला काढला. घेणाऱ्यांची वकीलबाई तिशीची असेल. तिने रिपोर्ट वाचला आणि एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. ती ओळ मला आता पाठ आहे: 'मालकांनी दाखविलेल्या कागदपत्रांवरून व त्यांनी दिलेल्या माहितीवरून'. म्हणजे वकीलसाहेबांनी स्वतः काही शोधलंच नव्हतं. मालकाने जे पुढे ठेवलं ते वाचलं आणि शिक्का मारला. बांधकामाला परवानगी फक्त ग्रामपंचायतीची, जिल्हाधिकाऱ्यांची नाही, आणि भोगवटापत्राचा (इमारत राहायला वापरता येते असा दाखला) तर पत्ताच नव्हता. घेणाऱ्यांच्या बँकेने कर्ज नाकारलं. पुढे रोख घेणारं एक गिऱ्हाईक मिळालं, नऊ लाख कमी करून.

त्या वकिलांना फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मी मालकांचा वकील होतो. तुम्ही तुमचा का नाही केलात?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. फी मात्र माझ्याकडून घेतली होती.

हिशेबी
मला हे जरा भीती घालणं वाटतं. धायरीतली २०११ ची ग्रामपंचायतीची बिल्डिंग आणि आनंदनगरची तीस वर्षं जुनी सोसायटी यांची तुलना होत नाही. अशा सोसायटीत आतापर्यंत पाच-सहा फ्लॅट तरी विकले गेले असतील, त्यांवर बँकांनी कर्जं दिली असतील. बँकेचा वकील सर्च करतोच, त्याची फी आपल्याकडूनच घेतात. मग आणखी एक वकील कशाला? मी कर्वेनगरला असाच घेतला. नोंदणी विभागाच्या साइटवर जाऊन इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश उतारा) स्वतः काढला, करारनामा एका दस्तलेखकाकडून टाइप करून घेतला. दहा वर्षं झाली, सगळं सुरळीत आहे.

सनदधारी
मी दिवाणी बाजूला वकिली करते. माझं हे रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हिशेबी, तुमचं सुरळीत झालं याचा आनंद आहे. पण बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो. त्याचा प्रश्न एकच असतो: हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का? ताबा कधी मिळणार, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, व्यवहार मोडला तर टोकन परत मिळणार का, हे तो बघत नाही. त्याला ते कुणी विचारलेलंच नसतं. रिपोर्टही बँकेकडे जातो. शिवाय तो येतो टोकन दिल्यानंतर, बहुतेक वेळा करारनामा झाल्यावर. तोपर्यंत तुमचे पैसे गेलेले असतात.

'दोन्ही पार्ट्यांचा एकच वकील' हे पुण्यात सर्रास चालतं. साधा व्यवहार असेल तर निभावून जातं. पण वाद झाला तर? एका पक्षाचं काम केल्यावर वकिलाने त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे तुम्हाला ज्या दिवशी वकिलाची खरी गरज पडेल, नेमका त्याच दिवशी तो तुमचा राहणार नाही.

मधुमालती, शोधताना एक लक्षात ठेवा. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे ज्याची पाटी सगळ्यात मोठी, तो चांगला असं काही नाही. ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच भागात जुनं घर घेतलंय त्यांना विचारा. भेटायला गेलात की सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. मग विचारा, "सर्च तुम्ही कुठे आणि किती वर्षांचा करणार?" तीस वर्षं असं उत्तर यायला हवं. पुढे विचारा, "रिपोर्टमध्ये तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि तारीख असेल ना?" इथे जो चुळबुळ करेल त्याला नमस्कार करून उठा. फी किमतीच्या टक्क्यात सांगणाऱ्याकडे मी स्वतः गेले नसते. काम घर बघून ठरतं, किमतीवरून नाही. आणि व्यवहार झाला तरच फी, असं कुणी म्हणालं तर तेही नको. मग 'घेऊ नका' असं तो तुम्हाला कधी सांगेल?

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझा एक उलट प्रश्न. शेअर सर्टिफिकेट ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या नावावर ते आलं कसं? त्यांनी विकत घेतलं होतं की वडिलांनंतर आलं? सर्टिफिकेटच्या मागची बाजू बघा. हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात.

गोदाकाठ
घरच्या वकिलाबद्दल. आमच्या घरी हाच घोळ झाला होता. मामेभाऊ वकील, फी घेत नव्हता, म्हणून त्याला घाई करता येईना. कागद दीड महिना त्याच्या गाडीच्या डिकीत. रागवावं तर पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं बारसं. दिरांना नाराज करू नका, त्यांना सांगा, "दादा, तुमच्या बाररूममध्ये जमिनीची कामं करणारं चांगलं कोण आहे, नाव सांगा." वकिलाला चांगला वकील बरोबर माहीत असतो. त्यांचा मानही राहील, तुमचं कामही होईल.

मधुमालती
गोदाकाठ, हे फार पटलं. सासूबाईंनाही पटेल.

सनदधारी ताई, सर्टिफिकेट आत्ता पुन्हा फोटोत पाहिलं. मागे २०१६ ची नोंद आहे. वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर. एजंट म्हणतो, वडिलांनी नॉमिनेशन मुलाच्या नावे केलं होतं, सोसायटीने रीतसर ठराव करून नाव लावलं.

सनदधारी
मग थांबा. नॉमिनी हा विश्वस्त असतो. सोसायटीने नाव लावलं म्हणजे तो एकटा मालक झाला असं होत नाही. वडिलांना आणखी मुलं आहेत का? आई हयात आहेत का? मृत्युपत्र होतं का? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

निवृत्तकारकून
मी नोंदणी खात्यात छत्तीस वर्षं काढली. सर्च म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

पुण्यात हवेली तालुक्याची दुय्यम निबंधक कार्यालयं (जिथे दस्त नोंदवतात) डझनांनी आहेत, आणि शहरातल्या मिळकतीचा दस्त त्यांतल्या अनेक कार्यालयांत नोंदवता येतो. फ्लॅट सिंहगड रोडचा, पण करारनामा नोंदलेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचं. एकाच कार्यालयात शोध घेऊन 'बोजा नाही' म्हणणारा अर्धाच शोध घेतो. दुसरं म्हणजे हिशेबी यांनी जो ऑनलाइन शोध सांगितला, त्यात पुण्याच्या नोंदी साधारण २००२ पासूनच्या आहेत. १९९४ ची बिल्डिंग, त्याआधीचा जमिनीचा विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र, हे सगळं हाताने लिहिलेल्या जाड बांधीव सूचींत. त्या सूचीचं पान उलटताना कडा बोटाला पिठासारख्या लागतात, दोन बोटांनी खालून आधार देऊन उलटावं लागतं. आणि नाव दोन तऱ्हांनी बघावं लागतं, कारण लिहिणाऱ्याने 'जगताप' कुठे, 'ज.' कुठे लिहिलंय. जे वकील स्वतः येत किंवा आपला सर्च क्लार्क पाठवत, त्यांचे चेहरे आम्हाला पाठ असायचे. जे कधीच येत नसत, त्यांचे रिपोर्टही बाजारात फिरत.

वकिलाला सर्चची सरकारी फी भरल्याची पावती मागा. त्यावर वर्षं लिहिलेली असतात.

तळजाईचा_वारा
काका, हे सोनं आहे. नोंद करून ठेवलं.

पाणलोट
आनंदनगर म्हटलं म्हणून एक वेगळाच मुद्दा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्याच एकतानगरीत पहाटे घरात पाणी शिरलं होतं. माझी मावशी तिथे तळमजल्यावर राहते. फ्रिज तरंगत होता. तुमचा मजला दुसरा असला तरी गाड्या, मीटर, पाण्याची टाकी खालीच. निळ्या आणि लाल पूररेषेत बिल्डिंग येते का, हे वकील आपणहून बघत नाही. तो टायटल बघतो. विचारलं तर बघतो. विचारा. उद्या पुनर्विकास करायचा झाला की पूररेषा सगळ्यात आधी आडवी येते.

शनिवारपेठी
आणि पार्किंगही विचारा. 'पार्किंगसह' असं एजंट म्हणतो, पण ते करारात आहे की सोसायटीच्या ठरावात?

कोकणकडा
स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय.

गोदाकाठ
आमच्याकडे चौदा फ्लॅट, नऊ पार्किंग आणि चौदाही जणांकडे बिल्डरची पार्किंगची पावती आहे. आता पुण्यात पार्किंगचा विषय निघालाय, म्हणजे धागा शंभरी गाठणार. मूळ मुद्द्यावर या बघू.

नव्याची_नवलाई
नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडं लिहू का? आम्ही गेल्या वर्षी बाणेरच्या पुढे एका चालू प्रकल्पात घेतला. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं की करारनाम्याचा मसुदा महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर आहे, त्यात काही बदलत नाही, वकील कशाला खर्च करता. तरी वकील केला. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "किती पैसे मागतायत बुकिंगला?" वीस टक्के मागत होते. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, रेरा कायद्यात तसं स्पष्ट आहे. वकिलीणबाईंनी पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी दहावर आले. साइटवर जो टायटल रिपोर्ट लावलेला असतो तो बिल्डरच्याच वकिलाचा असतो. तो वाचावा जरूर, त्यातले दस्त क्रमांक आपल्या वकिलाला उपयोगी पडतात. पण तो तुमच्यासाठी लिहिलेला नाही.

जमीन कुठली तेही बघा. आमच्या आधीच्या पसंतीच्या प्रकल्पात सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात दोन बहिणींची नावं होती. सेल्सवाला म्हणाला, "ते नुसतं इतर हक्कात आहे मॅडम." नुसतं!

हिशेबी
प्राधिकरणाचं विसरू नका. पिंपरी-चिंचवड नवनगर प्राधिकरणाच्या जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या. २०२१ ला ते प्राधिकरण बरखास्त झालं, पण त्यामुळे भाडेपट्टे संपले नाहीत. माझ्या साडूंनी निगडीत घेतलं तेव्हा हस्तांतराची परवानगी आणि शुल्क यात चार महिने गेले. पानशेतच्या पुरानंतर वसवलेल्या पूरग्रस्त सोसायट्यांचंही असंच, जागा मुळात सरकारी. अशा ठिकाणी वकील लागतो हे मी मान्य करतो. नॉमिनीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तेही मान्य. माझ्या कर्वेनगरच्या विक्रेत्यांनाही घर वडिलांकडून आलं होतं. आज रात्री कपाट उघडून कागद बघणार आहे.

सनदधारी
हिशेबी, बघा आणि काही अडलं तर व्यक्तिगत निरोप करा. दहा वर्षांनी हक्कसोडपत्र करून घेता येतं, माणसं हयात आणि गोडीत असली तर.

सातासमुद्रा
विकणारा परदेशात राहणारा असेल तर आणखी एक. साध्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून भरायचा आयकर) कापायचा असतो. विक्रेता अनिवासी असला तर हा एक टक्का लागू नाही, दर बराच जास्त असतो, आणि कमी कापला तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं. माझ्या भावाला नोटीस आली होती. वकील आणि सीए दोघांना एकदा समोरासमोर बसवा. वकील म्हणतो सीए बघेल, सीए म्हणतो वकिलांनी सांगितलं असेल.

मधुमालती
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी टोकन दिलं नाही. एजंट चिडला. दुसरी पार्टी काही आली नाही.

दिरांनी नाव सुचवलं, त्या वकील मॅडमना सदाशिव पेठेत जाऊन भेटलो. छोटं ऑफिस, टेबलावर सातबाऱ्यांची चळत. मी इथले सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. त्यांनी वही बघायला मागितली आणि म्हणाल्या, "पूररेषेचं कुणी सुचवलं? चांगलं सुचवलंय." पाणलोट, धन्यवाद!

मग त्यांनी शेअर सर्टिफिकेटच्या झेरॉक्सच्या मागे पेन्सिलने एक झाड काढलं. वर वडील, बाजूला आई, खाली तीन फांद्या. वडील २०१५ ला गेले, आई २०१८ ला. मृत्युपत्र नाही. एक मुलगा, दोन मुली. त्या दोन फांद्यांवर त्यांनी गोल केले. "या दोघींची सही नसेल तर तुम्ही एक तृतीयांश घर घेताय आणि पैसे पूर्ण घराचे देताय." इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठी बहीण साताऱ्याला, धाकटी कॅनडात. विक्रेते दादा भले आहेत, त्यांना खरंच वाटत होतं की नाव लागलं म्हणजे झालं. आधी बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग आमचा करार, असं मॅडमनी ठरवून दिलं. कॅनडातल्या ताई तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवणार, ते इथे पोचलं की तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलंच नाही, जमीन अजून मूळ मालकांच्या नावावर आहे. मॅडम म्हणाल्या, यामुळे व्यवहार थांबवायची गरज नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी अडेल, मानीव अभिहस्तांतरणासाठी (मालक सही देत नसले तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावे करून घेणं) सोसायटीच्या मागे लागा. दुसरं, फक्त माझ्या एकटीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे ७२ हजार वाचतील. नवऱ्याचं नाव जोडलं तर सूट नाही. यावर घरी चर्चा चालू आहे.

कोकणकडा
ताई, चर्चा कशाला? तुमच्याच नावे.

तळजाईचा_वारा
सोसायटी हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागत असेल तर देऊ नका. तीच कमाल मर्यादा आहे.

हिशेबी
कपाट उघडलं. आमच्या विक्रेत्याचं हक्कसोडपत्र आहे, त्याच्या भावाचं, नोंदणीकृत. दस्तलेखकाने तेव्हा लावून ठेवलं होतं आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं. रात्रभर झोप नव्हती.

मधुमालती, मॅडमची फी किती ते सांगितलं नाहीत.

मधुमालती
दीड महिन्याने लिहितेय, माफ करा.

फी २२ हजार. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस सोडून बाकी सगळं त्यात आलं: तीस वर्षांचा सर्च, मसुदा, आणि नोंदणीच्या दिवशी स्वतः हजर. सर्चच्या पावत्या न मागता दिल्या, निवृत्तकारकून काका. रिपोर्ट अकरा पानांचा आहे, प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि तारीख. बिल्डिंग पूररेषेच्या बाहेर आहे.

हक्कसोडपत्र परवा नोंदलं. साताऱ्याच्या ताई पहाटेच्या एसटीने आल्या. स्वतःसाठी आणि कुलमुखत्यार म्हणून धाकटीसाठी, दोन्हीकडे त्यांनीच सह्या केल्या. अंगठा मशीनवर उमटेना. शेतात काम करून रेषा झिजलेल्या. त्यांनी पदराने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. चौथ्या वेळी उमटला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजून तो जांभूळ दिसतो का गं?" मी तर तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. आज मुद्दाम जाऊन पाहिला. आहे. ताईंना फोटो पाठवला.

टोकन काल दिलं, चेकने. टायटलमध्ये काही निघालं तर पंधरा दिवसांत पूर्ण परत, असं पावतीवर लिहून घेतलंय. करार पुढच्या गुरुवारी, माझ्या एकटीच्या नावे.